कडुलिंबावरची पूररेषा

आमच्या तापीकाठच्या शेतात एक कडुलिंब आहे. त्याच्या खोडावर, जमिनीपासून दोन पुरुष उंचीवर, लाल रंगाचा पट्टा आहे. तो पट्टा मी मारला. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे सांगणार आहे त्यातलं किती उचलायचं आणि किती वाऱ्यावर सोडायचं, ते तुमचं तुम्हाला ठरवता यावं.

गावात कोणालाही विचारा, पट्टा म्हणजे मोठ्या पुराची खूण. त्या पुरात पाणी एवढं चढलं की डोंगरातले मासे कडुलिंबाच्या शेंड्यावर अंडी घालून गेले. मी सगळ्यात वरच्या फांदीवर बसलेलो, माझ्या खांद्यावर वासरू, वासराच्या पाठीवर कोंबडी, आणि कोंबडीनं त्या रात्री दोन अंडी दिली. एक मी खाल्लं, एक वासरानं. सारंगखेड्याच्या घोडेबाजारातली एक पांढरी घोडी खालून पोहत आली, वर बघून खिंकाळली, आणि मी तिला म्हणालो, बाई, जागा नाही. ही गोष्ट मी लग्नात सांगितली, दहाव्याला सांगितली, पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यावर उसाच्या गाड्यांच्या रांगेत सांगितली. एकदा बँकेत नंबर लागेपर्यंत सांगितली, तर नंबर आल्यावर कॅशियरच म्हणाला, थांबा, घोडीचं काय झालं ते सांगा आधी.

घोडी कधीच नव्हती. पूर होता. आणि त्या पुरात माझा थोरला भाऊ गेला.

पट्ट्याची हकिगत अशी. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून झाली की डब्याच्या बुडाशी थोडा लाल रंग उरतो. दादा गेला त्या वर्षी पोळ्याला मी तो उरलेला रंग घेऊन शेतात गेलो आणि कडुलिंबावर पुराची खूण केली. छातीएवढ्या उंचीवर. का केली, ते विचारू नका, पुढे येईलच. पुढच्या पोळ्याला रंग फिका पडला म्हणून पुन्हा मारायला गेलो, तर हात आपोआप थोडा वर गेला. तिसऱ्या वर्षी टाचा उंचावल्या. मग बैलगाडीच्या साटीवर उभा राहिलो. मग ट्रॅक्टर आला, बैलांची एकच जोडी पोळ्यापुरती राहिली, आणि ट्रॅक्टरच्या बोनेटवर चढून मी पूर आणखी हातभर वाढवला. शेतीत जसजशी सुधारणा झाली तसतसं तापीचं पाणी चढत गेलं.

कोणी हटकलं तर म्हणायचो, झाड वाढतं, तर खूण वर जाणारच की.

आणि हे एकट्याचं काम नव्हतं बरं. गावातले चार-पाच म्हातारे मी गोष्टीत घेतले होते. एकाला दोर फेकायला लावला, एकाला दोन म्हशी वाचवायला लावल्या, एकाला तर देवळाच्या कळसावर बसवून शंख फुंकायला लावला. त्यांना माहीत होतं पाणी किती होतं ते. पण स्वतःच्या वाट्याची फांदी कोण सोडतो? शंखवाला म्हातारा मरेपर्यंत नातवांना शंख दाखवत होता. तो शंख त्यानं पुरानंतर दोन वर्षांनी यात्रेत घेतलेला, माझ्यासमोर.

बायका पट्ट्याखालच्या बुंध्याला हळद-कुंकू लावायला लागल्या. तापीमायला पाणी चढलं की नारळ पट्ट्याखाली फुटायचा. माझी वहिनी, म्हणजे दादाची बायको, तेवढी कधी लावायला आली नाही. आमची शेतं एकाच बांधाला. ती तिच्या वाटणीच्या कपाशीत निंदायची, मी माझ्या केळीत. एका पोळ्याला मी बोनेटवर चढलेलो असताना बांधावरून म्हणाली, "भाऊजी, दरसाल एक हात पानी चढावतस तुम्ही. कव्हय तरी उतारा."

मी हसलो. ती हसली नाही. विळा घेऊन ओळीत परत गेली.

आता या सगळ्यात एक शेड आली, ती कुठून ते सांगतो. दादा गेला तेव्हा पुतण्या पाळण्यात होता. आता तीस-बत्तीसचा आहे, दाढी आहे, मत आहे. दोन वर्षं सुरतला कापडाच्या कारखान्यात काढून परत आला आणि गावातल्या पंधरा-वीस जणांचा गट केला. अवजार बँक. रोटाव्हेटर, पाचट कुट्टी करणारं यंत्र, केळीची खोडं बारीक करणारं यंत्र, फवारणीचं एक असं लांब हातांचं की उभं केलं तर कोळ्यासारखं दिसतं. ज्याला लागेल त्यानं घेऊन जायचं. सरकारी योजनेतून सगळं मंजूर. अट एकच, यंत्रं ठेवायला परवानगी असलेली पक्की शेड पाहिजे. गावठाणात जागा नाही. वहिनीच्या वाटणीत कडुलिंबाजवळ उंचवट्यावर जागा होती, रस्त्याला लागून. अर्ज गेला. नकाशा गेला, सातबारा गेला, ग्रामपंचायतीचा ठराव गेला.

उत्तर आलं ते घेऊन पुतण्या माझ्या ओट्यावर आला. त्याला कागद मोठ्यानं वाचायची सवय आहे. सदर जागा नदीच्या निळ्या पूररेषेच्या आत येते. निळ्या रेषेच्या आत कसलंही बांधकाम करता येत नाही, गुरांचा गोठासुद्धा नाही. मग त्यानं खालची ओळ सावकाश वाचली, माझ्याकडे बघत.

"सदर रेषा ही जागेवरील कडुलिंबाच्या झाडावरील पूरखुणेवरून, व स्थानिक वयोवृद्ध जाणकार यांच्या सांगण्यावरून निश्चित करण्यात आली आहे."

मला आठवलं. काही वर्षांपूर्वी काठाकाठानं मोजणी करत माणसं आली होती. दुर्बिणीसारखं यंत्र, लाल-पांढरी काठी. मी त्यांना वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी खाऊ घातली, तिखट एवढं की एक साहेब बांधावर जाऊन रडून आला. आणि वर घोडीसकट पूर वाढला. म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. साहेबांनी लिहून घेतलं. वयोवृद्ध जाणकार! खरं सांगतो, कागद ऐकताना पहिल्यांदा मला बरंच वाटलं. सरकारनं एवढा मान कधी दिला नव्हता.

पुतण्या म्हणाला, "काका, तुमना पट्टानी मन्ही शेड बुडाई टाकी."

"अरे, पूर काय मी आणला का?"

"तेच इचारी ऱ्हायनू. खरं कितलं व्हतं पानी?"

मी पान लावायला घेतलं. चुना शोधला. चुना मांडीवरच होता.

"फेरपाहणी मागता येस," तो म्हणाला. "एक डाव. तठे बी हाईच रेघ ऱ्हायनी, तं यंत्रं दुसरा गावले जातीन. मंग मी बी जास सुरतले. कायमना." एवढं बोलून कागद घडी करून गेला. त्याच्या घरी ओसरीत बॅग भरून ठेवलेली मी दुसऱ्या दिवशी पाहिली. वहिनी त्या बॅगेला वळसा घालून चुलीकडे जायची, जसं एखाद्या झोपलेल्या कुत्र्याला वळसा घालावा तसं.

आता मी जे सांगणार आहे, ते मी बँकेच्या रांगेत सांगितलेलं नाही.

दादाकडे ऑइल इंजिन होतं, नदीतून पाणी उचलायचं. हिरवं, जाड चाकाचं, लाकडी गाड्यावर बसवलेलं. त्याला छप्पर नव्हतं. काठावर उघड्यावर उभं, वरून प्लॅस्टिकचा फाटका कागद बांधलेला. दादा त्याला लेकरासारखं पुसायचा आणि म्हणायचा, यंदा याला घर बांधू. त्याचं तुक्-तुक्-तुक् गावापर्यंत ऐकू यायचं. आवाजावरून वहिनी ओळखायची की डिझेल संपत आलंय, आता भाकर खायला येतील.

त्या दिवशी दुपारी पाणी चढायला लागलं. गाव शाळेकडे निघालं. दादा मला म्हणाला, चल, इंजिन वर ओढून आणू. आम्ही दोघं गेलो. कडुलिंबापाशी पाणी माझ्या गुडघ्याला लागलं. दादा पुढे गेला, कमरेएवढ्या पाण्यात. गाड्याला दोर बांधला, ओढला, गाडा कलंडला आणि इंजिन त्याच्या पायावर आलं. तो पडला नाही. तसाच उभा होता, कमरेएवढ्या पाण्यात, एक पाय खाली अडकलेला. त्यानं मला हाक मारली. मी कडुलिंबाला धरून उभा होतो. आमच्यात तीस पावलं.

मी सगळ्या गावाला सांगितलं होतं की मी तापी आडवी पोहतो. एकदा नव्हे, तीनदा, येताना तोंडात कलिंगड धरून. मला पोहता येत नव्हतं. आजही येत नाही. पण तिथं पोहायचं नव्हतंच, चालायचं होतं. गाडा उचलायला दुसरा माणूस हवा होता, बस्स. मी म्हणालो, माणसं घेऊन येतो, आणि पळालो. माणसं घेऊन आलो तेव्हा ओढीचं पाणी कमरेवरून छातीवर गेलेलं असावं. असावं, कारण तिथं बघायला काही नव्हतं. कडुलिंबापाशी ते फार चढलं नव्हतं, मांडीला लागत होतं. त्यावर तर ते कधी गेलंच नाही.

इतक्या पाण्यात माणूस मरतो? आणि दुसरा उभा राहतो? म्हणून मी पाणी वाढवलं. दरवर्षी थोडं. दोन पुरुष पाण्यात कोण जाणार?

पाणी वाढवलं तरी इंजिन बंद पडलं नाही. भर दुपारी आभाळ झाकळलं, वारा पडला, की मला ऐकू येतं. तुक्-तुक्-तुक्. खालच्या अंगाला बॅरेजचा बंधारा झाल्यापासून नदी तळ्यासारखी पसरली, त्या सगळ्या पाण्याखालून येतं. आधी मी याचीही गोष्ट केली होती, की दादाचं इंजिन तळाशी चालू आहे आणि त्याच्या धगीनं मासे भाजूनच वर येतात. लोक हसले. मी घरी येऊन बायकोला विचारलं, तुला ऐकू येतं का? ती म्हणाली, "तुमना कानमा मळ शे." मळ काढला. डॉक्टरनं काढला, तुरीच्या डाळीएवढा. आवाज आणखी स्वच्छ यायला लागला.

फेरपाहणीच्या दिवशी सकाळी तो आवाज येत होता. आभाळ निरभ्र असूनही येत होता.

साहेब नवे होते, तरुण, टोपी घातलेले. बरोबर यंत्र घेऊन एक माणूस, तलाठी, दोन पंच. जागेची मालकीण म्हणून वहिनी, लगतचा शेतकरी म्हणून मी. पुतण्या फाईल छातीशी धरून. म्हातारे बांधावर सावलीत बसलेले, आपापल्या फांद्या सांभाळत. साहेबांनी पट्ट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ही खूण कोणी केली?"

"मी."

"पाणी इथपर्यंत होतं?"

बांधावरून एक म्हातारा ओरडला, "व्हतं व्हतं! मी दोन म्हशी काढ्यात ना!"

वहिनी कडुलिंबाच्या पलीकडे पदर खोचून उभी होती. मी तिच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर घोडी पुन्हा पोहत आली असती.

"गुडघ्याला होतं," मी म्हणालो. "इथं, झाडापाशी, गुडघ्याला. नंतर मांडीला. त्याच्या वर नाही."

बांधावर कोणीतरी खोकलं. साहेबांनी जुना कागद काढला. "मागच्या जबाबात तुम्ही दोन पुरुष सांगितलंय. आज मांडीएवढं. खोटं कोणतं?"

"साहेब, पट्टा खोटा. माझ्या हातचा. पोळ्याच्या उरलेल्या रंगाचा."

"आणि झाड वाढतं म्हणून खूण वर गेली, असंही लिहिलंय."

"झाड शेंड्याला वाढतं," यंत्रवाला माणूस मध्येच म्हणाला. "खोडावरची खूण जिथल्या तिथं राहते, बाबा."

"तुम्ही आज खरं बोलताय हे मी कशावरून धरू?" साहेब म्हणाले. रागानं नाही, दमून म्हणाले. "पुतण्याची शेड आहे. उद्या कोणीही म्हणेल काकानं पाणी उतरवलं. पुरावा काय?"

आयुष्यभर मी कसलेही पुरावे उभे केले. शंख केला, म्हशी केल्या, अंडी केली. त्या एका खऱ्या वाक्याला माझ्याकडे काही नव्हतं. माझ्या तोंडून खरंही बाहेर पडलं की त्याला शेपूट फुटतं, हे गावाला ठाऊक आहे. पुतण्या माझ्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर शेड नव्हती, काहीतरी दुसरंच होतं. त्याचा हिशेब लागत होता. मांडीएवढं पाणी.

तेव्हा वहिनी झाडाच्या पलीकडून म्हणाली, "साहेब, आठे खिया शे."

ती खाली बसली आणि खोडाशी बोट लावलं. नदीच्या बाजूला, मांडीएवढ्या उंचीवर, सालीत बुडालेला एक खिळा. गंजून काळा झालेला, चारी बाजूंनी साल वर चढलेली, दिसत होतं ते फक्त करंगळीच्या नखाएवढं. मी तीस वर्षं त्याच झाडाखाली जेवलो, त्या खिळ्यावर पाठ खाजवली. तो कोणी ठोकला याचा विचार कधी केला नाही.

"मी ठोकेल शे. पानी उतरनं, दुसरा दिन उनू. झाडवर गायनी रेघ व्हती, आठे. वली व्हती अजून." गाळाची ओली रेघ. "दगडघाई ठोका."

"कशासाठी ठोकला, ताई?" साहेबांनी विचारलं.

"इसरू नही म्हनीसन."

यंत्र लागलं. लाल-पांढरी काठी खिळ्याला टेकवली. यंत्रवाल्यानं डोळा लावला, आकडा सांगितला, साहेबांनी तो वहीतल्या दुसऱ्या आकड्याशी पडताळला. नदीवरच्या मोजपट्टीची त्या वर्षीची नोंद होती म्हणे. ती पट्ट्याशी कधीच जुळत नव्हती, म्हणून फाईलवर आधीपासून प्रश्नचिन्ह होतं. खिळ्याशी जुळली. जबाब लिहिले गेले. मी सही केली. वहिनीनं सही केली, दादानं शिकवलेली, तिरकी. म्हातारे एकेक करून उठून गेले. म्हशीवाला जाताना माझ्याकडे असं बघून गेला, जणू मी त्याच्या दोन्ही म्हशी आत्ताच बुडवल्या.

पुतण्या फाईल तिथंच ठेवून खिळ्यापासून काठाकडे चालत गेला. पावलं मोजत होता. पाण्याच्या कडेला थांबला, परत आला नाही, बराच वेळ.

आम्ही दोघंच उरलो. वहिनीनं पदर सोडून पुन्हा खोचला.

"तुम्ही गया नहीत, हाई मी खिया ठोका तव्हयच समजनू," ती म्हणाली. "ते नही इचारत. एकच सांगा. त्यासनी हाक मारी व्हती का?"

तीस वर्षांत तिनं मला काही विचारलं नव्हतं. मीठ आहे का, एवढंसुद्धा नाही.

"मारी," मी म्हणालो. "तीन डाव."

"काय म्हनेत?"

"ये रे. इतलंच. ये रे."

ती पाण्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता पायाशी ठेवलेला विळा उचलेल. उचलला असता तर मी हललो नसतो.

"माले वाटे," ती म्हणाली, "इंजिनकरता गयात नि आमले इसरी गयात. कोनले हाक बी नही मारी." मग स्वतःशीच, "हाक मारी ना. मंग घर परत येवाले देखत व्हतात."

माफ केलं असं ती म्हणाली नाही. ती कपाशीत गेली.

पावसाळ्याआधी परवानगी आली. रेषा खाली सरकली, उंचवटा बाहेर आला, जोतं किती उंच घ्यायचं त्याची अट आली. ओसरीतली बॅग माळ्यावर गेली. पुतण्या त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नव्हता. मी विटा उतरवायला गेलो तर माझ्या हातातल्या विटा काढून घेऊन स्वतः नेऊन ठेवायचा. भिंतींची आखणी झाली त्या दिवशी पहिल्यांदा तोंड उघडलं, तेही चुन्याच्या रेघेकडे बघत.

"दार कोनीकडे ठेवू?"

शेडचं दार रस्त्याकडे ठेवतात. यंत्रं आत-बाहेर करायला तेच सोयीचं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मी तसं म्हणणार होतो. वहिनी डोक्यावर पाण्याची कळशी घेऊन उभी होती.

"एक रस्ताकडे कर," ती म्हणाली. "नि एक नदीकडे. मोठं. हाक उनी तं ऐकू येवाले पाहिजे."

पुतण्यानं माझ्याकडे बघितलं. मग वाकून त्यानं नदीच्या बाजूची चुन्याची रेघ पायानं पुसली, दोन ट्रॅक्टर शेजारी शेजारी जातील एवढी.

आता यंत्रं आत असतात. यंदा पोळ्याला रंग उरला, तो मी डब्यातच सुकू दिला. दुपारी कधी मी नदीकडच्या दारात खुर्ची टाकून बसतो. आवाज येतो अजून. तुक्-तुक्-तुक्. परवा रोटाव्हेटरला ग्रीस लावता लावता पुतण्या थांबला, मान वर करून बाहेर बघितलं, आणि म्हणाला, "काका, कोनं इंजिन चालू शे हाई?"

या भागात आता कोणाकडेच ऑइल इंजिन नाही. सगळ्यांच्या विजेच्या मोटारी. मी खुर्ची थोडी पुढे सरकवली, उंबऱ्यापलीकडे, पाण्याच्या दिशेनं.